टाळूवरची टकटक

गोएला, टेकडीखाली
१४ जानेवारी २००६

याह,

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा भात पोटरीला आला होता. आता कणग्या भरल्या, उंदरांनी त्यातल्या दोन रिकाम्याही केल्या, तरी तुझा पत्ता नाही. नवऱ्याच्या गावात लिहायला बंदी आहे की हात झडले? हे पत्र फांताबरोबर पाठवते आहे. तिच्या टोपलीतल्या सुक्या मासळीचा वास कागदाला येईल, नाक दाबून वाच, पण वाच.

वाईट बातमी आहे. गिली टेकडीवरून गेली.

तुला गिली आठवणार नाही. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा ती गामाच्या पोटाला चिकटलेला एवढासा गोळा होती. चिंपांझींच्या अभ्यासकेंद्राच्या रिवाजाप्रमाणे आईच्या नावातलं अक्षर लेकीला द्यायचं, म्हणून मीच तिला गिली म्हटलं. आता चांगली वयात आली होती. डाव्या कानाला खाच, भांडणात तुटलेली. ताडफळं फोडायला बसली की दगड डाव्या हातात, आणि मान आपल्या आजीसारखी कलती. आई तर म्हणतेच की आजीच परत आली आहे, तशीच आडदांड.

वयात आलेल्या पोरी आपली टेकडी सोडून दुसऱ्या कळपात जातात, हे बा आपल्याला सांगायचा. पण जाणार कुठे? आपल्या टेकडीभोवती सगळीकडे नुसतं गवत आणि शेतं. पलीकडचं डोंगराचं रान लांब, आणि गवतात लपायला एक झाड नाही. आधी गेलेल्यांपैकी एकही पुन्हा कुणाला दिसलेली नाही. टेकडीवर आता आठजण उरलेत आणि सगळे म्हातारे. गिलीनंतर पोर होईल अशी दुसरी कुणी नाही. गामा रोज गवताच्या कडेला येऊन बसते आणि मी तिच्या मागे बसते. आम्ही दोघी दिवसभर गवत बघतो, दुसरं करणार काय?

गावचे मुखिया, म्हातारे दोलो, माझ्यावर उखडलेत. "वरची मंडळी आमचे आजे-पणजे. तुमच्या केंद्राने त्यांना गाईगुरांसारखं माणसाळवलं आणि आता हाकलून दिलं," असं चारचौघांत म्हणाले. पावसाळ्यापर्यंत गिलीची काही खबर लागली नाही तर आपल्या घराकडून टेकडीची राखण काढून घेणार आहेत. बाच्या आधी त्याच्या बाकडे होती ती राखण. मी सोडून ती करायला घरात आहे कोण? आणि मला दुसरं येतं काय? अकरा वर्षं मी रोज उठून त्यांच्यामागे जाते. हात लावत नाही, खायला देत नाही, नुसती जवळ बसते. एवढंच माझं काम.

म्हणून तुला लिहिते. डोंगराचं रान तुमच्या झोलापाच्या डोक्यावरच उतरतं. शेताच्या कडेला काही दिसलं, कुणी काही बोललं, तर कळव. आणि तूच तिला पाहिलीस तर बा करायचा तशी टाळूवर जीभ वाजव. टक टक, थांबून पुन्हा टक. तिला कळेल की घरचं माणूस आहे, घाबरायचं नाही.

आईचे गुडघे धरलेत. तुझी रोज आठवण काढते आणि रोज तुला शिव्या देते.

तुझी,
कोऊताई


झोलापा
९ फेब्रुवारी

ताई,

रागावू नकोस. कापणी संपली तशी सेयेने नवं रान तोडायला घेतलं. त्याचा पाय तुला माहीत आहे, लढाईत गोळी लागली तिथे थंडीत अजून ठणका लागतो, म्हणून अर्धं काम माझ्या गळ्यात. त्याचा धाकटा भाऊ दुओ आमच्याकडेच राहायला आला आहे. तो काम कमी करतो आणि हरणांसाठी जाळी जास्त लावतो. जेवायला मात्र वेळेवर.

घर गळतं आहे. सेयेला यंदा पत्रा टाकायचाच आहे, रोज उठून छपराकडे बघतो. मी म्हणते, बघून पत्रा होत असता तर आपला महाल झाला असता. हसला नाही.

गिलीचं ऐकून वाईट वाटलं. मी कान उघडे ठेवीन.

एक विचारू? तुला रोजचं माहीत असतं म्हणून विचारते. त्यांनी खाणं टाकलं तर ते कोणता पाला खातात? बा एक खरखरीत पानाचं सांगायचा, घडी घालून न चावता गिळतात ते. त्याचं नाव विसरले. आणि पाणी किती लागतं त्यांना? आपल्या माणसांपासून लांब राहिली तर त्यांची वयात आलेली पोर किती दिवस तग धरते? असंच मनात आलं. गिली कुठे एकटी असेल तर काय करत असेल, असं वाटलं म्हणून.

आईच्या गुडघ्यांना ताडाच्या गराचं तेल गरम करून लाव.

याह


गोएला
२३ फेब्रुवारी

अगं बाई,

तुझं पत्र वाचून आधी वैतागले. टेकडीच्या पायथ्याशी जन्मलीस आणि मला विचारतेस की ते पाणी किती पितात? खरखरीत पान तुमच्या ओढ्याकाठीही भरपूर असणार, उंबरासारखं दिसतं. वयात आलेली पोर एकटी काही दिवस राहील, पण एकटेपणाने तिचं खाणं सुटतं. त्यांना शेजारी कुणीतरी श्वास घेत असलेलं लागतं. माणसासारखंच आहे ते.

पण मग फांता बसली बोलायला. तुला माहीत आहे ना तिची सवय, आधी मासळी विकते आणि मग बातम्या फुकट देते. म्हणाली, तुझी बहीण माझ्याकडून केळी घेते, पपई घेते, तीही पिकलेली निवडून. दिवसभर मागच्या खोपीत बसून असते. मी पाणी मागायला मागे गेले तर दारातच आडवी झाली, आत पाऊल टाकू दिलं नाही. तोंड सुकलंय, डोळे खोल गेलेत. आणि खोपीतून घोंगडीचा वास येत होता.

याह! मी काही दुधखुळी नाही. पिकलेली पपई, सुकलेलं तोंड, कुणाला जवळ येऊ न देणं. आणि मला विचारतेस काय, तर खाणं टाकल्यावर काय द्यायचं! वरच्या मंडळींच्या आडून स्वतःचं विचारतेस होय गं लबाडे?

तोंडाने काही बोलू नकोस, चार महिने व्हायच्या आधी बोलायचं नसतं. मी काहीच ओळखलं नाही असं समज. पण आईला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. नऊ वर्षं झाली, याह. त्यात निम्मी वर्षं तुमच्या लढाईने सीमा बंद, तू जिवंत आहेस की नाही ते कळायचं नाही. आईचे गुडघे धरले होते ना? ती उठली आणि अंगणात दोन पावलं नाचली. मग तिने पेटीतून ते निळं कापड काढलं, तुला आणि मला पाठीशी बांधून ज्यात वाढवलं ते. धुऊन, वाळवून फांताबरोबर पाठवते आहे. आई म्हणाली, तिला सांग, गाठ छातीच्या वर मारायची, खाली मारली की पोर घसरतं.

इकडे तसंच आहे. गामा गवताशी बसते. दोलो म्हातारे मला ओलांडून जातात आणि नमस्कार घेत नाहीत. पण आता मला त्याचं एवढं वाटत नाही. टेकडी ओस पडली तरी आपल्या घरात कुणीतरी येणार आहे.

जड उचलू नकोस. दुओला म्हणावं, तुझ्या बापाची मोलकरीण नाही मी.

कोऊताई


झोलापा
४ मार्च

ताई,

कापड पोहोचलं. मला पोटबिट काही राहिलेलं नाही. असं लिहून टाकते, कारण दुसरं वाक्य आधी लिहिलं तर मी हे लिहिणारच नाही.

गिली माझ्या खोपीत आहे.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कसाव्याचा पाला खुडायला वरच्या शेतात गेले होते. दुओ खाली झुडपात जाळं घेऊन हरणाची वाट बघत होता. मान वर केली तर रानाच्या कडेला ती उभी. डाव्या कानाला खाच. ताई, नऊ वर्षांत माहेरचं कुणी मला भेटायला आलेलं नाही. खुडलेला पाला टाकून मी तिथेच खाली बसले. मग तू लिहिलं होतंस तशी टाळूवर जीभ वाजवली. टक टक, आणि पुन्हा टक.

ती वळून पळण्याच्या बेतात होती. आवाज ऐकला आणि थांबली. माझ्याकडे चालत आली आणि खाली बसली, तू लिहायचीस तशी, जवळ, पण हात पोहोचणार नाही इतकी. पाठ खाजवायला लागली. आणि दुओने मागून जाळं टाकलं.

मी ओरडले, आडवी पडले. दुओ हसत होता. म्हणाला, "वहिनी, तुझ्या हातात जादू आहे. आपण दोघं मिळून रान रिकामं करू."

जळक्या ट्रकच्या गजांचा दुओने कुत्र्यांसाठी पिंजरा केला होता. त्यात ती आहे. शहरातला एक माणूस तिला न्यायला येणार आहे. सेयेने त्याच्याशी बोलणं केलं आहे, बदल्यात घराला पुरेल एवढा पत्रा. तो अजून आला नाही कारण नदीवरचा ओंडक्यांचा पूल मोडला आहे. पूल झाला की येईल. मी रोज पाणी भरायला जाते आणि किती ओंडके बसले ते बघून येते.

सेये वाईट माणूस नाही. मला नऊ वर्षांत मूल झालं नाही, त्याच्या बहिणी काय काय बोलल्या, त्याने एकदाही मला घालवून द्यायची गोष्ट काढली नाही. मी त्याला म्हटलं, ही आमची आजी लागते. तो म्हणाला, "तुमच्या टेकडीवर लागत असेल. इथे माझ्या छपरातून पाणी पडतं." मी फौजदाराकडे गेले तर तो तुरुंगात जाईल. मग मी कुठे? इथे याच्या घरात नाही, आणि आजीला पिंजऱ्यात घालणाऱ्यांच्या घरची म्हणून गोएलातही नाही.

तू म्हणशील, दार उघड. ताई, उघडलं. तेच तर सांगायचं आहे. मागच्या सोमवारी दोघं राब जाळायला गेले होते. कडी काढली, दार सताड उघडलं. ती बाहेर आली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि केळ्यासाठी हात पुढे केला. मी "जा, जा" म्हटलं, ढकललं. तिला वाटलं मी खेळते आहे. अंगणात मुलं जमली तर त्यांच्यातही जाऊन बसली. दुओ लांबून येताना दिसला तर त्याच्याकडेही बघत राहिली. शेवटी मीच तिला आत घातली, नाहीतर तिने त्याच्या हाताला धरलं असतं.

तिला माणसांची भीती नाही. तुम्ही ठेवलीच नाही. भीती नसेल तर ती रानात सोडून उपयोग काय, दुसऱ्याच शेतात दुसरं जाळं आहे. तू अकरा वर्षं त्यांना घाबरू नका म्हणून शिकवलंस. आता मला सांग, घाबरायचं कसं शिकवायचं?

कापडावर डोकं ठेवून झोपते. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

याह


गोएला
९ मार्च

याह,

तुझं पत्र मी टेकडीवर गामाच्या मागे बसून वाचलं. पहिल्यांदा मनात आलं की तुझं थोबाड फोडावं. फांताला सांगून ठेवलं होतं की परत जाताना थांब, उलट निरोप आहे, आणि मी जो निरोप देणार होते तो तू ऐकला नाहीस हे बरं झालं. तुला महिनाभर ठाऊक होतं! मी इथे गवताकडे बघत बसले होते आणि तू मला पाल्याचं नाव विचारत होतीस!

मग माझंच पत्र आठवलं. टाळूवर जीभ वाजव असं कुणी लिहिलं होतं? मी. शेजारी जाळं असू शकतं हे मला सुचलं नाही, कारण आपल्याकडे वरच्या मंडळींवर कुणी जाळं टाकत नाही. दुसरीकडे टाकतात, एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आली नाही. मी त्यांना सगळ्या माणसांसमोर निर्धास्त केलं आणि मनात धरलं होतं फक्त माझं गाव. तेव्हा रागवायचं तर दोघींवर सारखंच.

केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते सरकारकडे लिहितील, हे सरकार त्या सरकारकडे लिहील, आणि तोवर तुमचा पूल होऊन जाईल. दोलो म्हाताऱ्यांना सांगितलं तर ते माणसं घेऊन येतील, कोयते घेऊन. मग पिंजऱ्याचं राहील बाजूला आणि तुझ्या दारात दोन्ही गावांची भांडणं होतील.

तू विचारलंस तर सांगते. मला सांगताना तोंडात माती आल्यासारखं होतं आहे.

दार उघड. तिला वरच्या शेताच्या कडेला ने, रानाकडे तोंड करून. बाची टकटक कर. ती जवळ येईल, बसेल. तेव्हा दगड मार. लागेल असा मार. नुसतं भिववू नकोस, त्यांना खोटं लगेच कळतं. परत टकटक कर, परत मार. पत्र्याचा डबा बडव, जळतं लाकूड घे. ह्या आवाजापाठोपाठ दुखतं, हे तिच्या हाडात जायला हवं. माणूस दिसला की पळायचं आणि तो आवाज ऐकला तर दुप्पट पळायचं. तुमच्या बाजूच्या डोंगरात त्यांचा दुसरा कळप आहे असं बा म्हणायचा. तिथवर पोहोचली तर जगेल.

मग ती माझ्याकडे परत यायची नाही. आली तरी मला बघून पळेल. मला ते कळतं, पुन्हा समजावून सांगू नकोस. टेकडीला आता कुणी नाही, हेही कळतं. तू फक्त ती पळेल असं कर.

दया येईल. आली तर माझ्या नावाने शिव्या दे आणि मार.

आईला अजून काही बोलले नाही. तिने काल चिंध्यांची उशी शिवली.

कोऊ


झोलापा
२१ मार्च

ताई,

झालं.

मंगळवारी सकाळी. पुलाचे ओंडके सगळे बसले होते, गुरुवारी तो माणूस येणार असा निरोप होता. सेये आणि दुओ राबावर गेले. मी तिला घेऊन वरच्या शेतात गेले. माझा हात धरून चालली गं. वाटेत एक ताडफळ सापडलं ते तोंडात धरून ठेवलं तिने.

कडेला पोचल्यावर मी मागे सरकले आणि टकटक केली. ती बसली. मी पहिला दगड मारला, तो नीट लागला नाही, तिच्या पायाशी पडला.

तिने तो उचलला. उलटासुलटा करून बघितला. मग तोंडातलं ताडफळ काढलं, खाली खडक शोधला, त्यावर ठेवलं आणि डाव्या हाताने फोडलं. मी तिला फोडायला दगड दिला असं वाटलं तिला. गर काढून खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं, आणखी आहे का म्हणून.

मी तुला शिव्या दिल्या. तू सांगितल्या होत्यास त्यापेक्षा पुष्कळ जास्त दिल्या, आईच्याही दिल्या, बाच्याही. मग दुसरा दगड मारला, तो खांद्यावर बसला. टकटक केली. तिसरा मारला. ती ओरडली आणि कुठे आली म्हणतेस? माझ्याकडेच आली. मारणारीकडेच लपायला आली. पण मी जळतं लाकूड उचललं आणि तिच्या पाठीला लावलं. केस जळल्याचा वास आला. तेव्हा तिने माझा हात चावला, करंगळीचं पेर गेलं आणि शेजारच्या बोटाचंही हाड दिसलं. मग ती वळली. मी जीभ वाजवत, डबा बडवत, रडत तिच्यामागे धावले. माझा दम संपेपर्यंत ती थांबली नाही. एकदा झाडावरून वळून बघितलं. मी पुन्हा दगड उचलला तशी गेली.

संध्याकाळी दोघं आले. दुओने चुलीतलं लाकूड उपसून माझ्या पाठीत घातलं. सेयेने त्याला धरलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, चावली आणि पळाली. सेये म्हणाला, "कडी आतून निघत नाही." एवढंच. मग बाहेर जाऊन छपराकडे बघत बसला.

आता मला बाजारला जायची मनाई आहे. फांताला दुओने अंगणाबाहेरून हाकललं. हे पत्र विहिरीवर एका बाईच्या हातात देते आहे. ती फांतापर्यंत पोहोचवेल तर पोहोचवेल. यापुढे मला लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. हात बरा होतो आहे, काळजी करू नकोस.

कापड पेटीत आहे.

याह


गोएला
२ जुलै

याह,

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन तुला मिळाली की दुओने ती चुलीत घातली, कोण जाणे. फांता म्हणते, तुझ्या अंगणाला आता काटेरी कुंपण आहे आणि तू विहिरीवरही नणंदेबरोबर येतेस. तुझ्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत म्हणे. खरं आहे का?

आईला मी सांगितलं की राहिलं नाही, गेलं. दुसरं काय सांगणार होते? ती म्हणाली, "आपल्या टेकडीवरून गेलेल्या पोरींना काय बाहेर पोर होतच नाही का गं?" मी चुलीत फुंकर घालत राहिले. उशी तिने उसवून ठेवली आहे.

दोलो म्हाताऱ्यांना सांगितलं की गिली जिवंत डोंगरात गेली, माझ्या बहिणीने डोळ्यांनी पाहिली. त्यांनी विचारलं, बहीण शपथ घेईल? मी म्हटलं, घेईल. राखण आपल्याकडेच राहिली. पण राखायला काय राहिलं आहे? गामा आता गवताशी येत नाही. एक दिवस उठून गेली ती आलीच नाही परत तिथे. मी मात्र सवयीने तिथेच जाऊन बसते.

आणि एक सांगते. मला आता टकटक करता येत नाही. जीभ टाळूला लागते आणि तिथेच राहते. मी न वाजवता वर जाते, तशी वरची मंडळी दचकतात, झाडामागे होतात. केंद्रातला नवा मुलगा म्हणाला, अकरा वर्षांच्या कामावर पाणी पडेल. मी म्हटलं, पडू दे.

याह, तू घरी ये. कसंही करून ये. सेये काय म्हणेल, गाव काय म्हणेल, मी बघते. मी मोठी आहे ना? नाहीतर मी येते तुला न्यायला. पण म्हाताऱ्यांनी अट घातली आहे, राखणदाराने टेकडी सोडून एक रात्रही बाहेर राहायचं नाही. आई एकटी आहे. काय करू? एक ओळ लिही. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.

कोऊताई


झोलापा
१२ नोव्हेंबर

ताई,

तिन्ही पत्रं एकदम मिळाली. सेयेने दिली. त्याने ती दुओपासून लपवून आपल्या झोळीत ठेवली होती. देताना म्हणाला, "फोडलेली नाहीत." त्या दिवशी त्याच्या ताटात मासा मोठा वाढला.

मी येणार नाही. लगेच रागावू नकोस. दुओ गेला शहरात, त्याच माणसाकडे कामाला. कुंपण तसंच आहे. पत्रा आला नाही, तो माझ्यामुळे आला नाही, हे घरातली प्रत्येक भिंत मला सांगते. पावसाळाभर आम्ही भांडी मांडून झोपलो. सेयेचा पाय ओलीने फार दुखला. त्याला अशा घरात टाकून मी येऊ कशी, आणि इथे राहू कशी, दोन्ही मला कळत नाही. दोन बोटं वाकत नाहीत हे खरं आहे. भात कांडता येतं, तेवढं पुरे.

ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

पत्रा नाही म्हणून गवताने शाकारायचं ठरलं. इथलं गवत कुजलेलं, म्हणून सेये आणि मी डोंगरावर गेलो, खूप वर, जिथे गावातलं कुणी जात नाही. तिथे लढाईच्या आधीची एक ओसाड वाडी आहे, एक जुनं ताडाचं झाड उभं आहे. सेये पाय धरून तिथे टेकला आणि म्हणाला, "इथे कोणती बाई येते एवढ्या लांब ताडफळं फोडायला?"

मी बघितलं. एक सपाट दगड, मध्ये खळगा पडलेला. भोवती फुटक्या कवच्यांचा ढीग, काही जुन्या काळ्या, काही कालच्या, आतून अजून ओल्या. फोडायचा दगड बाजूला पडला होता, डाव्या हाताला. ताई, इकडच्या डोंगरातल्या वरच्या मंडळींना फोडता येत नाही, हे बानेच सांगितलेलं. आणि आमच्या बायका घरी लोखंडी मुसळाने फोडतात.

एवढंच नाही. मोठ्या दगडाच्या शेजारी आणखी एक छोटा खडा होता, त्याच्यावरही कुणीतरी मारून बघितलं होतं. वेडंवाकडं. फळ फुटलंच नव्हतं, नुसतं चिरडलेलं. कुणीतरी शेजारी बसून शिकत होतं.

मी सेयेला म्हटलं, "असेल कुणीतरी बाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाला, "असेल." आणि कोयता घेऊन मुद्दाम पलीकडच्या उतारावर गवत कापायला गेला.

तेवढ्यात वरच्या झाडात पानं हलली. कुणीतरी होतं. मला कान दिसला नाही, तोंड दिसलं नाही, नुसता एक काळा हात फांदीवर दिसला. माझी जीभ आपोआप टाळूला लागली. नऊ नाही, आता दहा वर्षं झाली मला माहेर सोडून. नुसती एकदा वाजवावी, एकदाच तिने वळून बघावं, असं फार फार वाटलं. मी तोंडावर हात दाबून धरला, तोच हात, आणि जागची हलले नाही. पायाखाली एक कवची मोडली तेवढाच आवाज झाला.

तेवढ्यानेच ती पळाली, ताई. मागे वळून न बघता, फांद्या मोडत पळाली. तिच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं पळाली.

मी गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि सेयेच्या मागून खाली आले. कुंपणाचं फाटक मीच लावून घेतलं. आईला सांग, तिच्या घरची एक पोरगी नांदते आहे.

याह